अध्यक्षांचा उकिरडा

सोमवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला गावातल्या सरकारी शाळेची स्वास्थ्य समिती स्थापन झाली आणि त्याच बैठकीत तिचा अध्यक्षही निवडला गेला. निवड एकमताने झाली. ज्याची निवड झाली तो त्या वेळी आपल्या गोठ्यात, पोट फुगलेल्या वासराचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरून बसला होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

गावात निवडीची पद्धत हीच होती. जो बैठकीला आला नाही त्याच्या गळ्यात काम घालायचं. ती कुणी ठरवलेली नव्हती, पण तिचा परिणाम चांगला होता. गावातल्या बैठकांना कायम गर्दी असे.

निवडलेल्या माणसाला गावात वकील म्हणत. वकिली त्याने केलेली नव्हती. सातवीनंतर शाळाही केली नव्हती. दोन गायी, ते वासरू आणि ओढ्यापलीकडे चढावर जमिनीचा एक तुकडा, एवढ्यावर त्याचं चालायचं. मात्र कुणी ऊन फार आहे म्हटलं तर ‘फार म्हणजे कशाच्या मानाने?’ असं विचारल्याशिवाय तो पुढे जात नसे. त्याची बायको त्याच शाळेत मुलांचं दुपारचं जेवण करायची. बैठकीच्या वेळी ती बटाटे सोलायची सुरी हातात घेऊन दारात उभी होती.

“अहो, ते नाहीयेत इथे,” ती म्हणाली.

“म्हणून तर,” शिंपी म्हणाला. नाव त्यानेच सुचवलं होतं.

सगळ्यांनी हात वर केले. हेडमास्तरांनी रुमालाने मान पुसली आणि समिती झाली म्हणून जाहीर केलं.

समितीची गरज कायद्यामुळे पडली होती. सरकारने शाळांसाठी नवा कायदा केला होता. नियोजन, उत्तरदायित्व, विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य असं बरंच काही त्याच्या नावात होतं. हेडमास्तरांनी ते नाव एकदा पूर्ण वाचून दाखवलं आणि त्यानंतर ते ‘तो कायदा’ एवढंच म्हणू लागले. शाळेने आधी आराखडा करायचा, मग त्याला जबाबदार राहायचं आणि मुलांना शरीराने नि मनाने ठीक ठेवायचं, असं त्यात होतं. तिन्हीला वेगवेगळे गुण होते. एका भागात जरी शाळा नापास झाली तरी ती बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं होतं. त्या शाळेत स्वयंपाकीण आधीच होती.

दुपारी बायको घरी आली तेव्हा वकील अंगणात हात धूत होता.

“अभिनंदन,” ती म्हणाली.

“कशाबद्दल?”

“अध्यक्ष झालात.”

“कशाचा?”

“शाळेतल्या मुलांच्या स्वास्थ्याचा.”

वकिलाने हातावरचा साबण तसाच ठेवला. “मला विचारलं कुणी?”

“तुम्ही नव्हतात ना.”

त्याची आई दाराजवळ स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. “याचा बाप असाच पाण्याच्या टाकीचा खजिनदार झाला होता. न्हाव्याकडे गेला होता केस कापायला. परत आला तो खजिनदार होऊन.”

“मी उद्या राजीनामा देतो,” वकील म्हणाला.

“द्या. पण आधी हात धुवा, साबण वाळतोय,” बायको म्हणाली.

मंगळवारी सकाळी तो शाळेत गेला. हेडमास्तर हे निवृत्तीला आलेले, बारीक अंगाचे गृहस्थ होते आणि शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलं असावं अशा आवाजात बोलायचे. त्यांनी वकिलाला खुर्ची दिली. आजवर या शाळेत त्याला कुणी खुर्ची दिली नव्हती.

“राजीनामा द्यायचाय,” वकील म्हणाला.

“द्या की.”

“कुणाकडे?”

हेडमास्तरांनी कायद्याची पुस्तिका उघडली, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. “अध्यक्षांकडे.”

वकिलाने खुर्ची पुढे ओढली. “आणि अध्यक्षाने नाही स्वीकारला तर?”

“तर त्याविरुद्ध दाद मागता येते.”

“कुणाकडे?”

“समितीकडे. समिती अध्यक्षांनी बोलवायची.”

असा कायदा वकिलाला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. तो खुर्चीत नीट मागे सरकून बसला. “अजून काय काय आहे त्यात?”

“या जरा खिडकीशी,” हेडमास्तर म्हणाले.

खिडकीतून शाळेच्या आवाराची मागची भिंत दिसत होती आणि भिंतीपलीकडे, भिंतीच्या जवळजवळ बरोबरीने उंच, एका खोलीएवढा रुंद उकिरडा. वर ताजं शेण, त्याखाली कुजका कडबा, त्याखाली आणखी जुनं, काळं. सकाळच्या उन्हात त्याच्या माथ्यावरून वाफ निघत होती. एक गलेलठ्ठ कोंबडी तिथे उभी राहून वर्गाकडे बघत होती.

“कायदा म्हणतो, वर्गाच्या जवळ कुजणारं, सडणारं काही नको. अंतर दिलंय. आम्ही टेप लावली. टेप उलगडायला सुरुवात केली न केली तोच संपलं अंतर,” हेडमास्तर म्हणाले. “हा उकिरडा कुणाचा, ते माहीत असेल तुम्हाला.”

“माझाच.”

“मग मालकाला नोटीस द्यावी लागेल. अध्यक्षांच्या सहीने.”

“मालक ऐकायचा नाही,” वकील म्हणाला. “मी ओळखतो त्याला.”

“नाही ऐकलं तर स्वास्थ्यात आपण नापास. तपासणीच्या मॅडम पुढच्या आठवड्याच्या शेवटी येणार आहेत. शाळा गेली की मुलं जातील. आणि तुमच्या घरून स्वयंपाकाला ज्या येतात, त्या…” हेडमास्तरांनी वाक्य तिथेच सोडलं.

पलीकडच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्याचा आवाज थांबला होता. तो थोड्या वेळाने परत सुरू झाला, पण जरा जोरात.

नोटीस हेडमास्तरांनी लिहिली, अध्यक्षांनी सही केली. शाळेला शिपाई नव्हता, म्हणून ती मालकाला पोचवण्याचं काम स्वयंपाकिणीकडे आलं. संध्याकाळी वकील धार काढत असताना तिने ती त्याच्या खांद्यावरून पुढे धरली.

“नोटीस आहे.”

“ठेव तिथे. हात गुंतलेत.”

“हातात द्यायला सांगितलंय.”

त्याने एका हाताने नोटीस घेतली, दातात धरली आणि उरलेली धार काढली. मग वाचली. आपल्याच सहीकडे बराच वेळ बघितलं. “भाषा उद्धट आहे,” तो म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस तो दोन्ही बाजूंनी भांडला. वैरण तोडताना तो मालक असायचा: खत अर्धं कुजलंय, आता हलवलं तर कस जातो, पेरणी झाल्यावर बघू. पाणी शेंदताना तो अध्यक्ष व्हायचा: मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, मुदतवाढ मिळणार नाही. बायको चुलीपाशी बसून ऐकायची. तिसऱ्या वेळी मालकाने अध्यक्षाला ‘तुझ्या बापाची जागा आहे का?’ असं विचारलं, तेव्हा ती उठून बाहेर आली.

“तुम्ही दोघं एकदा काय ते ठरवा आणि मला सांगा,” ती म्हणाली. “मला भांडी घासायचीत.”

“तू कुणाच्या बाजूची?”

“जो उद्या सकाळी फावडं उचलेल त्याच्या.”

सासूबाईंचं मत वेगळं होतं आणि ते त्यांनी मागितल्याशिवाय दिलं. “मी या घरात आले तेव्हा उकिरडा होता. शाळा नव्हती. याच्या बापाने जागा दिली म्हणून शाळा आली. आता पाहुणा घरात येऊन बसलाय आणि म्हणतो, तुमची चूल हलवा.”

“आई, माझी नोकरी जाईल,” सून म्हणाली.

 म्हातारीने शेंगांची टरफलं पदरातून झाडली. “मग नीट हलवा,” ती म्हणाली. “उगाच उपसाउपशी करू नका. मी येते बघायला.”

ट्रॅक्टरवाल्याने आठवड्याभराने येतो म्हणून सांगितलं, म्हणजे तो येणार नव्हता. शिंप्याने आपली हातगाडी दिली. तिचं एक चाक बाहेरच्या बाजूला कललेलं होतं. शुक्रवारी उजाडल्याबरोबर वकील दाताळं, फावडं आणि दोन घमेली घेऊन उकिरड्यावर चढला.

वरचा थर सोपा होता. त्याखाली दाताळं अडकायला लागलं. कडबा एकमेकांत विणल्यासारखा झाला होता आणि प्रत्येक ओढीला कमरेतून काहीतरी सुटतंय असं वाटायचं. हातभर खाली गेल्यावर आतून ऊब यायला लागली, मग चटका. वकिलाच्या पोटऱ्या भाजल्यासारख्या लाल झाल्या. वर ऊन आणि खाली उकिरडा, असा तो मधे शिजत राहिला. हातगाडी भरली की ओढ्यातून चढावर न्यायची, चाक कललेलं असल्यामुळे ती सारखी डावीकडे वळायची, आणि डावीकडे शिंप्याचं दुकान होतं.

“अध्यक्ष, कामकाज जोरात चाललंय!” शिंपी मशीनवरून ओरडला.

“तुझी गाडीच तुझ्याकडे येते, त्याला मी काय करू?”

“पदभार जड दिसतोय.”

वकील काही बोलला नाही. हीच खबर शिंप्याने दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिली: वकील काही बोलला नाही.

बायको शाळा उरकून दुपारी यायची आणि पदर खोचून घमेली भरायची. ती बोलत नसे, पण तिचं घमेलं त्याच्यापेक्षा लवकर भरे आणि ते त्याच्या लक्षात येई. त्यांची मुलगी चौथीत होती. जिभेमुळे तिला घरीदारी ठिणगी म्हणत. तिला कडेला उभं राहून कोंबड्या हाकायचं काम दिलं होतं. म्हातारी स्टूल घेऊन सावलीत बसली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी म्हातारी चढ चढून नवा ढीग बघायला गेली आणि तिथूनच तिने आवाज टाकला. “अरे उलटा झाला की!”

खरोखरच उलटा झाला होता. वरचं ताजं शेण आधी निघालं, ते नव्या ढिगात तळाला गेलं. आता खालचं जुनं, काळं, चहापत्तीसारखं सुटं झालेलं खत निघणार आणि ते वर उन्हात पडणार. ज्याच्यासाठी वर्षं थांबायचं ते वाळून माती होणार.

“खत ते खतच,” वकील म्हणाला.

“दुधावरची साय खाली गेली तर चालेल का तुला?”

वकिलाने दाताळं खाली टेकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या खताचा वेगळा ढीग केला, त्यावर पालापाचोळा अंथरला आणि वर पाणी मारलं. पाणी ओढ्यातून आणावं लागलं. वकिलाची पाठ शनिवारी दुपारी धरली. त्यानंतर तो काटकोनात चालायला लागला. बायकोच्या दोन्ही तळव्यांना फोड आले आणि फुटले. रविवारी ती सुरीच्या मुठीला फडकं गुंडाळून धरून बघत होती.

उकिरड्याच्या पोटातून शाळेची बरीच मालमत्ता निघाली. चेंडू कितीतरी, एक उड्यांची दोरी, एक पट्टी, स्वयंपाकघरातला पळा, जो हरवल्यावरून बायकोला मागच्या हेडमास्तरांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, आणि एक डाव्या पायाची चप्पल, जी सध्याच्या हेडमास्तरांनी ओळखली पण मागितली नाही. चेंडू त्यांनी ताब्यात घेतले. अशा जागी सापडलेली वस्तू निर्जंतुक केल्याशिवाय मुलांच्या हातात देता येत नाही, असं कायद्यात होतं. निर्जंतुक कसं करायचं ते नव्हतं. त्यांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं.

रविवारी संध्याकाळपर्यंत जागा मोकळी झाली. तिथली जमीन कित्येक वर्षांत पहिल्यांदा उघडी पडली होती आणि तिला वारा लागत होता. नवरा-बायको दोघंही शेजारी शेजारी ओढ्यात पाय सोडून बसले. वासाचं कुणीच काही बोललं नाही, कारण दोघांनाही तो सारखाच येत होता.

सोमवारी शाळेत मुलं कमी आली. मंगळवारी त्याहून कमी.

बायकोने दुपारी उरलेलं जेवण बघितलं. ती तशीच हेडमास्तरांकडे गेली. “वरच्या वस्तीवरचं एकही पोर नाही.”

“आजारी पडली असतील.”

“सगळी?”

वकिलाला बोलावून घेतलं. पण उत्तर ठिणगीने दिलं. वरच्या वस्तीची मुलं उकिरड्यावरून यायची. वस्तीच्या बाजूने उकिरडा तुडवून तुडवून पायऱ्यांसारखा घट्ट झाला होता. त्यावरून चढायचं आणि भिंतीवरून आत उडी मारायची. पुढच्या फाटकाला वळसा घालून यायचं तर हमरस्त्याच्या कडेने चालावं लागे आणि तिथून मालट्रक भरधाव जात. आयांनी लहान मुलांना घरीच ठेवलं होतं.

“हे तू आधी का नाही सांगितलंस?” वकील म्हणाला.

“भिंतीवरून उडी मारायची नाही असं तुम्हीच म्हणता ना? मग कसं सांगणार?”

हेडमास्तरांनी पुस्तिका उघडली. हजेरी उत्तरदायित्वाच्या भागात येत होती आणि इतक्या हजेरीत तिथे नापास होणं निश्चित होतं. “म्हणजे उकिरडा होता तेव्हा स्वास्थ्यात नापास,” ते हळू आवाजात म्हणाले, “आणि गेला तर उत्तरदायित्वात.”

“शिडी लावू,” वकील म्हणाला.

हेडमास्तरांनी पान उलटलं. “चढायची साधनं प्रमाणित हवीत.”

“भिंतीला दार पाडू.”

“ते नियोजनात येतं. या वर्षीचा आराखडा गेलाय. पुढच्या वर्षी सुचवता येईल.”

“पुढच्या वर्षी शाळा असली तर.”

“हो,” हेडमास्तर म्हणाले. “तेही त्यात गृहीत धरलेलं आहे.”

बुधवारी वकील आणि बायको वरच्या वस्तीवर घरोघरी गेले. तो पुढे, काटकोनात. ती मागे, तळव्यांना फडकी बांधलेली. प्रत्येक दारात तो कायदा समजावून सांगायचा आणि प्रत्येक दारात बायका त्याच्याकडे न बघता तिला विचारायच्या, “हात काय झाले गं?” एका घरी म्हातारा आजोबा म्हणाला, पोरं मी आणून सोडतो, पण मला दिसत नाही. त्या दिवशी एवढंच आश्वासन मिळालं.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला शाळेची मागची भिंत पडली.

तेव्हा मुलं पुढच्या अंगणात मन प्रसन्न करण्याचा तास करत होती. हा तासही त्याच कायद्याने आला होता. सगळ्यांनी मांडी घालून, डोळे मिटून, लांब श्वास घ्यायचा असे. मागून ट्रक उलटल्यासारखा आवाज झाला.

“डोळे उघडू नका,” हेडमास्तर म्हणाले. त्यांचेही मिटलेले होते. “तो बाहेरचा आवाज आहे.”

मग धूळ पुढपर्यंत आली आणि सगळे खोकायला लागले.

कुणाला लागलं नव्हतं. भिंत बाहेरच्या बाजूला, नेमकी उकिरड्याच्या मोकळ्या जागेवर, सबंध आडवी झाली होती. नुकता वैरण घेऊन परतलेला वकील धावत आला, जेवढं त्या पाठीने धावता येईल तेवढं. पाया उघडा पडला होता; भिंतीला पाया असा नव्हताच. इतकी वर्षं ती बाहेर झुकलेली होती आणि उकिरड्यावर रेलून उभी होती.

म्हातारी मागाहून आली. तिने पडलेली भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. सगळे ती काय बोलते याची वाट बघत होते. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू लपलं नाही.

“सरकारी भिंत आमच्या शेणाने धरून ठेवली होती,” वकील हेडमास्तरांना म्हणाला. “इतकी वर्षं. फुकट. हे आराखड्यात आहे का कुठे?”

“अध्यक्ष,” हेडमास्तर एवढंच म्हणाले. ते एका विटेवर बसले.

शुक्रवारी सकाळी वरच्या वस्तीवरची सगळी मुलं आली. सरळ उतारावरून, विटांवर पाय देत, आत. लहान भावंडंही आली, जी अजून शाळेच्या वयाची नव्हती. बायकोला बटाटे कमी पडले. हजेरी इतकी भरली की हेडमास्तरांनी ती दोनदा घेतली, आनंदासाठी.

तपासणीच्या मॅडम साडेदहाला आल्या. वय फार नव्हतं, बूट मळके होते आणि गळ्यात टॅबलेट अडकवलेला होता. त्यांनी पाणी बघितलं, शौचालय बघितलं, स्वयंपाकघरात जाऊन पळा हातात घेऊन उलटसुलट केला. “स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. बायकोने मान हलवली. हा पळा कुठून आला ते तिने सांगितलं नाही.

मग त्यांनी मुलांपुढे तीन चेहऱ्यांची चित्रं धरली: हसरा, मधला, रडका. शाळेत कसं वाटतं ते बोट दाखवून सांगायचं होतं. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी तयारी करून घेतली होती. तरीही एकेक बोट रडक्या चेहऱ्याकडे गेलं.

“का रे?” मॅडमनी विचारलं.

 मग ठिणगी उभी राहिली. “आमचे चेंडू कपाटात आहेत.”

“कुणी ठेवले?”

“कायद्याने.”

मॅडमनी कपाट उघडायला लावलं. चेंडू बाहेर आले. त्यांनी एक उचलला, वास घेतला, चटकन लांब धरला आणि साबणाने धुवायला सांगितला. धुऊन झाल्यावर परत चित्रं दाखवली. आता सगळी बोटं हसऱ्यावर. त्यांनी टॅबलेटवर कोणतं उत्तर टाकलं हे कळलं नाही.

शेवटी सगळे मागे गेले. मॅडम भिंत जिथे असायला हवी होती तिथे उभ्या राहिल्या. वारा छान येत होता. दोन गायी आत डोकावत होत्या.

“संरक्षक भिंत?”

“कालपर्यंत होती,” हेडमास्तर म्हणाले. “उकिरडा काढला, तसा तिचा आधार गेला.”

“उकिरडा काढला म्हणून स्वास्थ्याचे गुण पूर्ण देते. हजेरीही उत्तम आहे. पण हे…” त्यांनी हात आडवा फिरवला. “सुरक्षा त्या तिन्हीहून वेगळी धरतात, आणि असं उघडं असेल तर तिथे मी शून्यच लिहिणार. शून्य असलं की शाळा चालू ठेवता येत नाही. मी नाही म्हणत, कायदा म्हणतो. आणि याला जबाबदार कोण, तेही लिहावं लागेल. उकिरडा काढायचा आदेश कुणी दिला?”

“अध्यक्षांनी,” हेडमास्तर म्हणाले.

“आणि काढला कुणी?”

“मालकाने,” वकील म्हणाला. “दोघांवरही कारवाई करा. माझी हरकत नाही.”

मॅडमना कळेना. गंमत बघायला आलेल्या शिंप्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि परत जागेवर आला.

त्या वेळी बायको पुढे झाली. तिच्या हातात बटाट्यांची टोपली होती. “मॅडम, भिंत उभी करायला किती वेळ मिळेल?”

“मंजुरी आली की. तोपर्यंत शाळा बंदच ठेवावी लागेल.”

“मंजुरी कधी येईल?”

मॅडम टॅबलेटची काच पुसायला लागल्या. सगळ्यांना उत्तर मिळालं.

वकिलाने हात पुढे केला. “ती पुस्तिका द्या बघू.” त्याने सुरक्षेचं पान काढलं आणि बोट ठेवून हळूहळू वाचलं. “यात लिहिलंय, मुलं बाहेर जाणार नाहीत आणि जनावरं आत येणार नाहीत अशी भक्कम व्यवस्था हवी. व्यवस्था. विटांची हवी असं नाही म्हटलेलं.”

“मग कशाची?”

“माणसांची चालेल? आळीपाळीने इथे बसतील. हलणार नाहीत.” तो मागे वळला. “आई, जरा इकडे ये. मॅडम, ही माझी आई. ही मधे बसली तर हिला ओलांडून कुणी जाईल, असं वाटतं तुम्हाला?”

मॅडमनी म्हातारीकडे बघितलं. म्हातारीने मॅडमकडे बघितलं.

“नाही जाणार,” बायको म्हणाली. “मी लग्नापासून बघतेय.”

हे ती इतकी वर्षं बोलली नव्हती. ते असं बाहेर पडल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं आणि तिने टोपली छातीशी धरली. म्हातारीने मात्र ते कौतुक म्हणून घेतलं. पाय ठाम रोवून ती खिंडाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डोकावणाऱ्या दोन्ही गायी तिच्याच होत्या. त्या मागे सरल्या.

मॅडम बराच वेळ टॅबलेटकडे बघत उभ्या होत्या. “असा पर्याय यात नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “आहे किंवा नाही, एवढंच विचारलंय.”

“मग आहे म्हणा.”

“मला वर विचारावं लागेल. उत्तर येईपर्यंत…” त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. त्या जेवायला थांबल्या, ताट पुसून जेवल्या आणि आपल्या मळक्या बुटांनी गेल्या.

त्या दुपारपासून माणसं खिंडारात बसायला लागली. बायकोने बटाटे सोलायचं काम स्वयंपाकघरातून तिथे हलवलं. शिंप्याने मशीन उचलून आणलं. गिऱ्हाईक इकडे जास्त येतं अशी त्याची तक्रारवजा माहिती आहे. वरच्या वस्तीवरचा तो आजोबा सकाळी येतो. त्याला दिसत नाही, पण पाऊल वाजलं की तो ‘कोण?’ म्हणून एवढ्या मोठ्याने विचारतो की बाहेर जाणारं पोर आपणहून परत फिरतं. समितीची एक बैठकही तिथेच झाली. एकजण आला नव्हता. त्याला भिंत-प्रमुख नेमण्यात आलं.

आठवडा गेला. वरून उत्तर आलं नाही. शेजारच्या गावातली शाळा बंद झाल्याचं शिंप्याने सांगितलं. पण शिंप्याने सांगितलं, म्हणून कुणी नक्की धरलं नाही. हेडमास्तरांनी दोनदा फोन लावला. पहिल्यांदा साहेब बैठकीत होते. दुसऱ्यांदा सांगितलं की प्रश्न नवीन आहे, विचार चालू आहे, आणि तोपर्यंत शाळा चालू ठेवावी किंवा बंद करावी याबद्दल काही म्हणता येणार नाही.

“म्हणजे काय समजायचं?” बायकोने वकिलाला विचारलं.

“दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत,” वकील म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो अजून पुरता सरळ झाला नव्हता; गुडघ्यावर हात टेकून उभा होता.

“मला मुद्दे नकोत. सोमवारी चूल पेटवायची का नाही, ते सांगा.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं. या एका गोष्टीची दुसरी बाजू त्याला मांडता आली नाही. “पेटव,” तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी ती शाळेत गेली, मोठं पातेलं काढलं आणि सोमवारसाठी वाटाणे भिजत घातले. वरच्या वस्तीवरची धाकटी भावंडं धरून सगळ्यांचे.